गरोदरपणात दातांचं काम झाल्यावर: कुठलं दुखणं कशाचं?

दात साफ करून घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनमध्ये गुलाबी थुंकी पडते. ती बघून ब्रश खाली ठेवला जातो, दोन दिवस नुसत्या चुळांवर भागवलं जातं, आणि तिसऱ्या दिवशी हिरड्या आणखी सुजलेल्या दिसतात. मग ‘गरोदरपणात दातांना हात लावायलाच नको होता’ यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. घोळ झालेला असतो तो ब्रश खाली ठेवल्यामुळे.

काम झाल्यावर थोडं दुखणं, दात शिवशिवणं, रक्त दिसणं हे कुणालाही होतं. गरोदर बाईच्या बाबतीत अडचण अशी की तिची हिरडी आधीपासूनच हुळहुळी असते, नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, आणि प्रत्येक बारीकसारीक कळ बाळापर्यंत पोचेल का ही धास्ती असते. अशा वेळी सगळ्यात उपयोगी पडतं ते घड्याळ. दुखणं कधी सुरू झालं आणि किती वेळ टिकलं, एवढं नीट सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

आधी हिरडीचं बघू. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतात तसा हिरडीचा रक्तपुरवठा वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी जास्त झिरपतं. दातावर जंतूंचा थर तेवढाच असतो, पण हिरडी त्यावर दुप्पट चिडते. शिवाय थरातले काही जंतू, त्यातही प्रिव्होटेला इंटरमीडिया, या संप्रेरकांवरच पोसतात. लो आणि सिलनेस या संशोधकांनी १९६३ मध्ये गरोदर बायकांच्या हिरड्यांची पद्धतशीर मोजणी केली. सूज दुसऱ्या महिन्यापासून दिसू लागते, आठव्यापर्यंत चढत जाते आणि नवव्यात उतरायला लागते, हे त्यांनी नोंदवलं. आजही हेच चित्र दिसतं.

याचा अर्थ व्यवहारात असा: पाचव्या महिन्यात स्केलिंग, म्हणजे मशीनने दात साफ करणं, केलं तरी संप्रेरकं आठव्यापर्यंत चढणारच आहेत. कीटण, म्हणजे दातावर दगडासारखा घट्ट झालेला थर, निघालं म्हणून हिरडी बाळंतपणापर्यंत शांत राहील ही अपेक्षा चुकीची. स्केलिंगने चिडायचं कारण कमी होतं, चिडकेपणा तसाच राहतो. थर रोज नव्याने चढतो आणि तो रोज काढावा लागतो.

स्केलिंगनंतरचे आठ दिवस

पहिल्या दिवशी हिरडी सोलवटल्यासारखी वाटते. थुंकीत रक्ताची रेघ दोन-तीन दिवस दिसू शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ते कमी होत गेलं पाहिजे. कमी होण्याकडे कल असेल तर काळजी नको. आठवड्यानंतरही तेवढंच रक्त येत असेल तर कुठेतरी कीटणाचा तुकडा हिरडीखाली राहिला आहे किंवा तिथे ब्रश पोचत नाहीये.

थंड पाणी लागलं की सळक जाते ती साधारण आठवडाभर, क्वचित दोन आठवडे. कारण सरळ आहे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे जिभेखालून लाळेच्या नळ्या उघडतात, तिथे कीटण सगळ्यात जाड साठतं. इतकी वर्षं दाताच्या मुळावर त्याचं पांघरूण होतं, ते निघाल्यावर मुळाचा भाग उघडा पडतो. त्याच जागी जीभ फिरवली की नव्या फटी हाताला लागल्यासारख्या जाणवतात. ‘मशीनने दात झिजवले, फटी पाडल्या’ ही तक्रार इथलीच. मशीनचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्यात कीटण सोडवतं. फट आधीच होती, ती कीटणाने बुजलेली होती आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेली होती. सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि फट आणखी उठून दिसते. आरशात हे बघून घाबरू नका, हिरडी आक्रसणं हे बरं होण्याचं लक्षण आहे.

दात हलतात असं वाटण्याचंही तसंच. कीटण दातांना सिमेंटसारखं एकमेकांशी जखडून ठेवतं. शिवाय गरोदरपणात दाताभोवतीचे तंतू थोडे सैल होतात, ते बाळंतपणानंतर पूर्ववत होतात. मात्र एकच दात स्पष्ट हलत असेल, चावताना खाली दबल्यासारखा वाटत असेल किंवा हिरडीतून पू येत असेल तर ते हाडाचं दुखणं आहे, आणि त्याला बाळंतपणापर्यंत थांबायचं नसतं.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून दात जातात, हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येतं. दातांतलं कॅल्शियम असं बाहेर निघत नाही. बाळाला ते आईच्या आहारातून आणि कमी पडलं तर हाडांतून मिळतं. दात जातात ते सुजलेल्या हिरड्यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खाल्ल्यामुळे आणि उलट्यांमुळे.

आता ब्रशबद्दल जरा सविस्तर, कारण सगळा खेळ तिथेच आहे. सॉफ्ट किंवा अल्ट्रासॉफ्ट ब्रश घ्या. मळमळ होत असेल तर लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, दाढांपर्यंत जाताना ओकारी कमी येते. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवायचे, जागच्या जागी हलक्या हाताने थरथरवायचे आणि मग चावायच्या बाजूकडे झटकायचे. जिथून रक्त येतं ती जागा टाळायची नाही, तिथे उलट पाच-सहा झटके जास्त. उठल्या-उठल्या पोट ढवळत असेल तर दात तासाभराने, काहीतरी कोरडं खाल्ल्यावर घासा. सकाळी घासलेच पाहिजेत असा नियम दातांनी केलेला नाही. पेस्टच्या वासाने उमळत असेल तर आधी नुसत्या ओल्या ब्रशने घासून घ्या आणि शेवटी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावा. मान खाली, श्वास नाकाने. पेस्ट थुंका, पण वर खळाखळा चूळ भरू नका, फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू दे.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश मात्र अजिबात नको. पोटातल्या आम्लाने दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो, ब्रशने तो खरवडला जातो. एक कप पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, अर्धा-पाऊण तास थांबा, मग घासा. डोहाळ्यांत चिंच-कैरी चघळणाऱ्यांनाही हेच लागू. स्केलिंगनंतर ‘दात आंबले’ म्हणणाऱ्या पुष्कळ जणींच्या बाबतीत मूळ कारण उलट्या किंवा चिंच असते, स्केलिंगने ते फक्त लक्षात येतं.

शिवशिवण्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट गरोदरपणात चालते. तिचा गुण यायला दोन आठवडे लागतात. बोटाने दुखऱ्या जागी चोळून ठेवली तर जास्त उपयोग होतो.

चुळा: कोमट मीठपाणी आणि क्लोरहेक्सिडीन चालतं, बिटाडीन नको

एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी थुंकायचंच असल्यामुळे बीपी असलेल्यांनीही घाबरायचं कारण नाही. तोंड बधिर असताना कढत पाणी घेऊ नका, गाल भाजतो आणि ते कळायला दोन तास लागतात.

क्लोरहेक्सिडीनचा जंतुनाशक माउथवॉश डॉक्टरांनी दिला असेल तर अल्कोहोल नसलेला बघून घ्या. १० मिली, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोनदा, एक-दोन आठवडे. पेस्टनंतर लगेच घेतला तर पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थामुळे तो निकामी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ दे. चहा पिणाऱ्यांच्या दातांवर त्याने तपकिरी डाग पडतात, चव बदलते. दोन्ही तात्पुरतं.

बिटाडीन, म्हणजे पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या, घसा धरला की आपल्याकडे सर्रास केल्या जातात. गरोदरपणात त्या रोजच्या रोज नकोत. आयोडीन तोंडातल्या त्वचेतून शोषलं जातं आणि बाळाच्या थायरॉइडपर्यंत पोचतं. लवंगेचं तेल कापसावर घेऊन हिरडीवर दाबून ठेवलं की हिरडी पांढरी पडते आणि भाजते. डिस्प्रिनची गोळी दाढेखाली धरून ठेवणं त्याहून वाईट, भाजतंही आणि ॲस्पिरिनही पोटात जातं.

गोळीची पट्टी उलटी करून वाचा

दातासाठी घरात जी गोळी पडलेली असते, ती बहुधा गरोदरपणात न चालणारी असते. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं. दातदुखीवर पाण्यात विरघळवून घ्यायची जी गोळी दुकानदार हमखास देतो, त्यात केटोरोलॅक असतं. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी एकाच घराण्यातली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर या गटातली औषधं टाळायला सांगितलं, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायचाही धोका असतो. ‘मागच्या वेळी घेतली होती, काही झालं नाही’ हे ज्या महिन्यात घेतली त्यावर अवलंबून असतं.

उरतं ते साधं पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक, फार ठणकत असेल तर दोन, दर सहा तासांनी. २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द, वजन ५० किलोच्या खाली असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. दोन दिवस सलग पूर्ण डोस घ्यावा लागत असेल तर गोळी वाढवण्यापेक्षा दात पुन्हा दाखवा. गरोदर बाईने दुखणं सोसत रात्र काढावी यात कुठलाही शहाणपणा नाही, पॅरासिटामॉल घ्यावी आणि झोपावं.

अँटिबायोटिकमध्ये ॲमॉक्सिसिलीन चालतं, पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनचा पर्याय आहे. डॉक्सीसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन नको, बाळाच्या दातांना कायमचे डाग पडतात. सूज आहे म्हणून अँटिबायोटिक घेतलं आणि दात तसाच ठेवला, की पंधरा दिवसांत तीच सूज परत येते. पू बाहेर काढायला वाट लागते, गोळी ती वाट करत नाही.

सिमेंट, रूट कॅनॉल, काढलेली दाढ

बधिर करायचं इंजेक्शन, म्हणजे लिग्नोकेन, गरोदरपणात सुरक्षित आहे, त्यात ॲड्रिनॅलिन असलं तरी. टोचल्यावर मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडली तर ती ॲड्रिनॅलिनची. ओठ-गाल दोन ते चार तास जड राहतात, तेवढ्यात जेवायला बसलात तर गाल चावला जातो आणि संध्याकाळी आरशात पांढरा चट्टा दिसतो. खालच्या दाढेसाठी मागे इंजेक्शन दिलं असेल तर दुसऱ्या दिवसापासून जबडा आखडू शकतो. बाहेरून कोमट शेक, दिवसातून चार-पाच वेळा हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम. एक-दोन आठवड्यांत सुटतं.

सिमेंट भरल्यावर फक्त चावताना कळ येत असेल, एरवी काहीच नसेल, तर सिमेंट केसभर उंच राहिलं आहे. बधिर असताना चावा नीट कळत नाही, म्हणून हे वारंवार होतं. ‘बसेल आपोआप’ म्हणून महिना काढू नका. रंगीत कागद चावायला देऊन उंचवटा घासायला दोन मिनिटं लागतात, इंजेक्शनही नको. थंडाने सळक येऊन लगेच जात असेल तर महिनाभर वाट बघायला हरकत नाही. पण गरम चहाने कळ उठली आणि अर्ध्या मिनिटानंतरही गेली नाही, किंवा रात्री आडवं झाल्यावर ठणका सुरू झाला, तर दाताची नस सुजली आहे. तिथे रूट कॅनॉलच लागतं, आणि त्यासाठीचा छोटा एक्सरे शिशाचा एप्रन घालून काढता येतो.

रूट कॅनॉलच्या पहिल्या बैठकीनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखतं. वरचं तात्पुरतं सिमेंट थोडं झिजलं तर चालतं, पूर्ण निघून खड्डा लागला तर त्याच आठवड्यात जा.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून ठेवायचा, सतत काढून बघायचं नाही. त्या दिवशी जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने नारळपाणी ओढायचं नाही, गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका आणि तोंडाला घाण वास, हे रक्ताची गाठ निघून गेल्याचं लक्षण. जखम धुवून औषधाची पट्टी ठेवली की त्याच दिवशी आराम पडतो.

प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार, टाळायला स्त्रीरोगतज्ज्ञ अनेकींना इकोस्प्रिन, म्हणजे कमी डोसचं ॲस्पिरिन, देतात, काहींना रक्त गोठू न देणारी हेपरिनची इंजेक्शनं चालू असतात. पहिल्या तीन महिन्यांपासूनची ही गोळी इतकी अंगवळणी पडते की दातांच्या फॉर्मवर ‘चालू औषधं’ पुढे फक्त लोह-कॅल्शियम लिहिलं जातं. ती लिहा. रक्त थांबायला वेळ लागतो एवढंच, ती मनाने बंद करायची नाही. आणि हात न लावता हिरडीतून रक्त झिरपतंय, सोबत अंगावर निळे डाग किंवा नाकातून रक्त येतंय, तर हिरडीला दोष देण्याआधी प्लेटलेट तपासा.

हिरडीचा कोंब

दोन दातांमध्ये, बहुधा वरच्या पुढच्या, लालभडक, वाटाण्याएवढा, मऊ कोंब उगवतो. ब्रश लागला की भळाभळा रक्त. नाव ‘प्रेग्नन्सी ट्यूमर’ असलं तरी हा कर्करोग नाही. स्केलिंगनंतर तो लगेच जात नाही, थोडा आक्रसतो. बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप विरतो. गरोदरपणात कापला तर पुन्हा यायची शक्यता बरीच, म्हणून खाताना अडत नसेल आणि रक्त थांबत असेल तर ठेवून द्यावा. रक्त आलं तर ओल्या स्वच्छ गॉजने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा.

मिश्री लावणाऱ्या बायकांची गोष्ट थोडी वेगळी. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे हिरडी आतून खराब असूनही रक्त दिसत नाही. गरोदर राहिल्यावर मिश्री सोडली की रक्त यायला लागतं, आणि ‘मिश्री होती तेच बरं होतं’ म्हणून डबी पुन्हा उघडली जाते. ते रक्त मिश्री सोडल्यामुळे दिसू लागलेलं आहे. मिश्रीतल्या निकोटिनने बाळाचं वजन कमी भरतं, त्यामुळे डबी बंदच राहू दे.

चेहरा सुजला तर एक फरक लक्षात ठेवा. दाताची सूज एका बाजूची, गरम, दाबल्यावर दुखणारी असते. विसाव्या आठवड्यानंतर दोन्ही पापण्या फुगल्या, बोटातली अंगठी घट्ट झाली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर दातांकडे जाऊ नका, बीपी मोजायला जा. आणि दाताचीच सूज जबड्याखाली उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप चढला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालय गाठा.

हे सगळं ऐकून ‘मग काम बाळंतपणानंतरच करू’ असं वाटेल. २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ८२३ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. १३ ते २१ आठवड्यांत हिरड्यांचे उपचार केल्याने वेळेआधी होणारी बाळंतपणं कमी झाली नाहीत, पण उपचारांमुळे अपायही झाला नाही, हिरड्या मात्र सुधारल्या. तेव्हा ‘दात साफ केले की बाळ पूर्ण दिवसांचं होईल’ असं कुणी सांगत असेल तर तेही खरं मानू नका. ठरवून करायच्या कामाला चौथा ते सहावा महिना सोयीचा, दुखऱ्या दाताला कुठलाही महिना चालतो. विसाव्या आठवड्यानंतर खुर्चीत पूर्ण उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते, घाम फुटतो. उजव्या कमरेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवून डाव्या कुशीवर थोडं कलायचं, दोन मिनिटांत बरं वाटतं. टॉवेल आधीच मागून घ्या.

बाळंतपणानंतर हिरड्या काही आठवड्यांत बसायला लागतात, पण सव्वा महिन्यात त्यांची परीक्षाच असते. डिंकाचे लाडू दातांना चिकटतात, बाळंतशेपांचे तूस हिरडीत अडकतात, आणि काही घरांत बाळंतिणीने ब्रश करायचा नाही, नुसतं बोट फिरवायचं, असा दंडक असतो. ब्रश करा, पाणी हवं तर कोमट घ्या. रूट कॅनॉल करून तात्पुरतं सिमेंट भरून ठेवलेला दात याच काळात विसरला जातो आणि सहा महिन्यांनी उभा चिरतो. बाळाची दीड महिन्याची लस कुठल्या दिवशी आहे ते बघा आणि त्या दातावरच्या कॅपसाठीची वेळ त्याच आठवड्यातली आताच घेऊन ठेवा.